सॉफ्टबॉल लीगमध्ये प्रोटेस्ट केला त्याची गोष्ट: दोन आऊट, पंचावन्न मिनिटं आणि ७५ डॉलर

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या टीमने अंपायरच्या एका निर्णयाविरुद्ध लीगकडे रीतसर लेखी प्रोटेस्ट केला, म्हणजे हरकत घेतली. आता इथे अमेरिकेत आपल्या लोकांच्या बऱ्याच टीम पार्कच्या लीगमध्ये खेळतात आणि दर गुरुवारी कोणीतरी "अंपायरने वाट लावली" म्हणत घरी येतं, पण पुढे करायचं काय हे कोणालाच माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं. म्हणून तारखा, पैसे, कागद सगळं सविस्तर लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी थोडं सांगतो. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहतो. इलिनॉयमध्ये बऱ्याच गावांत पार्क डिस्ट्रिक्ट असतं, म्हणजे बागा आणि मैदानं सांभाळणारी वेगळी स्थानिक संस्था, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात तिची ओळ पण वेगळी असते. उन्हाळी सॉफ्टबॉल (बेसबॉलचं धाकटं भावंड) लीग तेच चालवतात. आमची को-एड स्लो-पिच, म्हणजे पाच बायका पाच पुरुष मैदानात, बॅटिंगला आलटूनपालटून एक पुरुष एक बाई, आणि बॉल खालून उंच कमान करून टाकायचा. पुरुषांना १२ इंची बॉल, बायकांना ११ इंची, त्यामुळे बॅटर बदलला की बॉलही बदलायचा, हे पहिल्या मॅचला कळल्यावर आम्ही सगळे हसत सुटलो होतो. तसं सॉफ्टबॉलचं माहेर शिकागोच, १८८७ च्या थँक्सगिव्हिंगला इथल्या एका बोट क्लबात बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून त्याचा बॉल आणि काठीची बॅट करून हा खेळ सुरू झाला, आणि इथले जुने लोक अजूनही १६ इंची बॉल बिनग्लोव्हचा खेळतात, त्यांची बोटं बघाल तर एकही सरळ सापडणार नाही.

खर्च म्हणाल तर टीम फी ८५० डॉलर, रोस्टरवर (टीमच्या यादीत) सोळा जण, म्हणजे माणशी पन्नास-पंचावन्न. अंपायरचे प्रत्येक मॅचला प्रत्येक टीमने वीस डॉलर रोख, तेही खेळ सुरू व्हायच्या आधी. बॅटवर यूएसए सॉफ्टबॉलचा (ही देशातली संस्था, नियमांचं पुस्तक तिचंच) शिक्का लागतो, नसेल तर अंपायर बाजूला ठेवतो, आमच्या एकाने गराज सेलमधून आणलेली बॅट पहिल्याच दिवशी बाद झाली आणि मग एकशे ऐंशीची घ्यावी लागली.

आता वेळेचा नियम, कारण सगळं महाभारत तिथूनच सुरू होतं. पुस्तकात मॅच सात इनिंगची, एका इनिंगमध्ये दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग, प्रत्येकी तीन आऊट होईपर्यंत. पण एका मैदानावर एका संध्याकाळी चार मॅच बसवायच्या असतात, सव्वासहा, सात-वीस, आठ-पंचवीस, साडेनऊ, आणि लाइट टायमरवर आहेत, ठरलेल्या वेळेला जातात म्हणजे जातात. म्हणून आमच्या लीगच्या नियमात लिहिलंय की सात इनिंग किंवा ५५ मिनिटं, ५५ नंतर नवी इनिंग सुरू होणार नाही, चालू असलेली मात्र पूर्ण करायची. (काही लीगमध्ये याहून कडक असतं, वेळ संपली की तिथल्या तिथे खेळ बंद आणि स्कोअर आधीच्या पूर्ण इनिंगचा धरायचा. तुमच्याकडे कोणतं आहे ते सीझनच्या आधी वाचा.) वेळ वाचवायला प्रत्येक बॅटरचा काउंट एक बॉल एक स्ट्राइकपासूनच सुरू करतात (इथे "बॉल" म्हणजे बाहेर पडलेला, चार झाले की वॉक, म्हणजे बॅटर फुकटात पुढच्या बेसवर; तीन स्ट्राइक झाले की आऊट). आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवी इनिंग "सुरू" कधी होते? फील्डर जागेवर गेल्यावर नाही, पिचरने बॉल टाकल्यावर नाही. आधीच्या इनिंगचा तिसरा आऊट झाला त्याच क्षणी पुढची सुरू झाली असं धरतात. हे वाक्य पाठ करून ठेवा, याच्यावरून मी भांडणं होताना बघितली आहेत, आमचं तर झालंच.

गुरुवार १२ जून, आठ-पंचवीसची मॅच. आधीची लांबली म्हणून अंपायरने होम प्लेटपाशी (बॅटर उभा राहतो तिथे) दोन्ही मॅनेजरना बोलावून वेळ सांगितली, "एट थर्टी-फोर", आणि मी ती स्कोअरबुकात वरच्या कोपऱ्यात लिहिली. ही सवय लावून घ्या. अंपायरच्या घड्याळातली वेळ, त्याच्याच तोंडून ऐकून, समोरच्या मॅनेजरच्या देखत. आपल्या फोनमधली वेळ कामाची नाही, ते पुढे कळेलच.

पाचवी इनिंग, आम्ही होम टीम म्हणून नंतर बॅटिंग, स्कोअर ११-१० आणि आम्ही मागे. दोन आऊट, फर्स्ट बेसवर आमची एक मुलगी (फर्स्ट, सेकंड, थर्ड असे तीन बेस फिरून होम प्लेटला परत आलं की एक रन). बॅटिंगला आमचा सगळ्यात दणकट गडी, जातीचा नागपूरकर, आणि त्याला पिचरने सरळ वॉक दिला. आता को-एडमध्ये नियम असा की पुरुषाला वॉक मिळाला, मुद्दाम असो की चुकून, तर त्याला एक नाही दोन बेस मिळतात. म्हणजे तो सेकंडला आणि फर्स्टवरची थर्डला. हा नियम आलाय तो यासाठी की लोक ताकदवान पुरुषाला मुद्दाम वॉक देऊन मागच्या बाईला सहज आऊट करायला बघायचे. (बायकोचं याच्यावर स्वतंत्र मत आहे आणि ते छापण्यासारखं नाही, कारण नियमात धरूनच चाललेत की मागची बाई कच्ची.) आणि याच नियमाचं पुढचं अर्धं वाक्य: दोन आऊट असतील तर पुढच्या बाईला निवड असते, बॅटिंग करायची किंवा सरळ वॉक घेऊन फर्स्टला जायचं.

पुढची बाई म्हणजे माझी बायको. ती जळगावची, शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलेली, आमच्यात नियम माहीत असलेली एकटी तीच. तिच्या मागे जो येणार होता त्याचा त्या दिवशी हात मस्त चालत होता, म्हणून तिने हिशेब करून सांगितलं, मी वॉक घेते, बेसेस लोडेड (तिन्ही बेसवर आपली माणसं) करू. अंपायर म्हणाला नाही, वॉक मुद्दाम दिला असता तरच निवड, हा मुद्दाम नव्हता, बॅटिंग कर. ती म्हणाली दोन आऊटला निवड असतेच. तो म्हणाला नाही. ती माझ्याकडे वळून, अस्सल खानदेशी आवाजात, "अहो, बोला ना काहीतरी, मॅनेजर तुम्ही आहात!"

इथे मी जे केलं ते नशिबाने बरोबर पडलं, कारण आदल्या महिन्यातच मॅनेजरांच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं होतं आणि माझ्या कानात राहिलं होतं. अंपायरशी वाद घालत बसायचं नाही. टाइम मागायचा, शांतपणे जवळ जायचं आणि म्हणायचं, "ब्लू, वुई आर प्लेइंग धिस गेम अंडर प्रोटेस्ट." अंपायरला इथे सगळे ब्लूच म्हणतात. आणि हे पुढचा बॉल टाकायच्या आत म्हणायचं. एक पिच पडली की संपलं, मग नियम कितीही तुमच्या बाजूने असो. हाफ इनिंगच्या शेवटच्या प्लेवर असेल तर इनफिल्डचे (बेसच्या आसपासचे) सगळे खेळाडू फेअर टेरिटरी (दोन फाउल रेषांमधली जागा) सोडून जायच्या आत, आणि मॅचच्या शेवटच्या प्लेवर असेल तर अंपायर मैदान सोडायच्या आत. यूएसए सॉफ्टबॉलच्या पुस्तकात प्रोटेस्टचा नियम नऊ नंबरचा आहे, प्रिंट काढून बॅगेत टाका.

ब्लूने खिशातून कार्ड काढलं, छोटी पेन्सिल काढली, लिहिलं: पाचवी, दोन आऊट, काउंट, कोण कुठल्या बेसवर, वेळ ९:२५. मग समोरच्या मॅनेजरला बोलावून सांगितलं की हे लोक प्रोटेस्टखाली खेळताहेत, स्कोअररलाही सांगितलं. त्याचं काम त्याने अगदी चोख केलं, आणि ते कार्डच पुढे आमच्या कामी आलं. समोरचा मॅनेजर "सीरियसली?" म्हणाला, त्यांच्या डगआऊटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) एक-दोन आवाज आले, मला घाम फुटला. मैदानात मधोमध उभं राहून तीस लोकांचा खोळंबा करायचा, तेही आपण, ज्यांना हॉटेलात चुकीची डिश आली तरी परत पाठवायचा संकोच!

मग बायकोने बॅटिंग केली, शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर, फर्स्टवर आऊट. माझ्या फोनवर ९:२८ झालेले, म्हणजे ५५ व्हायला थोडा वेळ होता, म्हणजे सहावी इनिंग मिळायला हवी. ब्लूने घड्याळ दाखवलं, साडेनऊ, बॉलगेम, म्हणजे मॅच संपली. घड्याळ वादावादीतही चालूच राहतं हे लक्षात ठेवा, आमच्या प्रोटेस्टने आमचीच मिनिटं खाल्ली. मी तो जायच्या आत वेळेचाही मुद्दा त्याच्या कार्डवर लिहून घ्यायला लावला. ११-१० हरलो.

पार्किंगमध्ये टीमची सभा. निम्मे म्हणाले जाऊ दे यार, ट्रॉफी काय टी-शर्टच तर मिळतो, उगाच तक्रारखोर म्हणून नाव व्हायचं. निम्मे पेटलेले. मुख्य प्रश्न ७५ डॉलरचा होता, प्रोटेस्ट फी, जिंकलात तर परत, हरलात तर लीगची. शेवटी ठरलं की फी मी भरायची आणि बुडाली तर सगळ्यांत वाटायची. बायको गाडीत म्हणाली, पैसे गेले तर माझ्या वाट्याचे मी देते, पण नियम तोच आहे.

लीगच्या नियमाप्रमाणे पुढच्या कामाच्या दिवशी पाच वाजेपर्यंत लेखी द्यायचं. (लीगने स्वतःचं काही ठरवलं नसेल तर पुस्तकात ४८ तास धरतात.) शुक्रवारी १३ जूनला लंचमध्ये ऑफिसला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी असला फॉर्म आयुष्यात बघितला नव्हता, ड्रॉवर उघडले, कोणाला तरी फोन केला, मग सांगितलं फॉर्म नसतो, तुमचं पत्र द्या आणि चेक, कार्ड चालणार नाही. मी पत्र नेलंच होतं, चेकबुक मात्र गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, ते आणायला धावलो. पत्राच्या कॉपीवर तारीख-वेळेचा शिक्का मारून घेतला, तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पत्र एक पानाचं. त्यात काय हवं ते पुस्तकातच आहे: तारीख, वेळ, मैदान, अंपायर आणि स्कोअरर कोण, कुठल्या नियमाखाली प्रोटेस्ट, अंपायरचा निर्णय काय आणि तेव्हाची परिस्थिती, बाकी आवश्यक गोष्टी. मी पहिला खर्डा रात्री दोन पानांचा लिहिला होता, त्यात समोरची टीम कशी वेळ काढत होती, पिचर कसा मुद्दाम बाहेर टाकत होता, ब्लूचा स्ट्राइक झोन कसा होता, सगळं. बायकोने वाचून पेनाने सरळ आडवी रेघ मारली. बरोबरच होतं तिचं. प्रोटेस्टमध्ये अंपायरच्या नजरेचा निर्णय चालतच नाही. बॉल की स्ट्राइक, सेफ की आऊट, फेअर की फाउल, कॅच झाला की टप्पा पडला, हे त्याला जसं दिसलं तसं. प्रोटेस्ट फक्त नियम चुकीचा लावला, लावायचा होता तो लावला नाही, किंवा शिक्षा चुकीची दिली याच्यावर. आणि अपात्र खेळाडू खेळवला तर, पण तो वेगळा प्रकार, त्यात थेट फॉरफिट होतं, म्हणजे मॅच सरळ हरल्याची धरतात.

सोपं उदाहरण देतो. इनफिल्ड फ्लाय, म्हणजे बेसच्या आसपास उंच उडालेला सोपा कॅच, तो सुटला तरी बॅटर आऊट. फर्स्ट आणि सेकंडवर रनर, किंवा बेसेस लोडेड, आणि दोनपेक्षा कमी आऊट, तरच तो लागू होतो. फील्डरला तो कॅच सहज जमला असता की नाही हे ब्लूने ठरवायचं, त्यावर बोलायचं नाही. पण फक्त फर्स्टवर रनर असताना त्याने इनफिल्ड फ्लाय देऊन बॅटर आऊट दिला, तर तो नियमच चुकला, तिथे प्रोटेस्ट होतो. हा फरक डोक्यात बसला की निम्मी भांडणं आपोआप मिटतात, निदान आमच्या डगआऊटमधली तरी मिटली.

सोमवारी १६ तारखेला लीग बघणाऱ्या सुपरवायझरचा फोन आला. सुनावणी वगैरे काही नसते, फोनच. पहिला प्रश्न, प्रोटेस्ट म्हणालात तेव्हा पुढची पिच पडली होती का? दुसरा, दुसऱ्या मॅनेजरला ब्लूने सांगितलं का? नियमाबद्दल त्याने माझ्याशी चर्चाच केली नाही, तो त्याच्याकडे होताच. ब्लूचं कार्ड आणि समोरच्या टीमचं म्हणणं त्याने वेगळं मागवलं होतं.

बुधवारी १८ जूनला ईमेल. वॉकचा मुद्दा मान्य. वेळेचा अमान्य, कारण अधिकृत वेळ अंपायरच्या घड्याळाची, माझा फोन नाही. निकाल असा की मॅच चुकीच्या निर्णयाच्या जागेपासून पुन्हा, म्हणजे पाचवी इनिंग, दोन आऊट, ११-१०, बाईला निवड, आणि घड्याळ ९:२५ वर, म्हणजे ५१ मिनिटं झालेली, चार उरलेली. पूर्ण मॅच पुन्हा होत नाही, अनेकांना तसं वाटतं. तारीख गुरुवार २६ जून, सव्वासहाच्या मॅचच्या आधी.

२६ ला आम्ही सगळे ऑफिसातून लवकर पळून पोचलो आणि विजेचा भोंगा वाजला. इथे पार्कात वीज जवळ आली की भोंगा होतो, मैदान रिकामं करून गाड्यांत बसायचं. बसलो. मग धो धो. रद्द. ३ जुलैला सुट्टीच्या आठवड्यामुळे लीग बंद, म्हणजे थेट १० जुलै. आणि बायको-मुलांची जळगावची तिकिटं २८ जूनची!

जिच्या वॉकसाठी एवढं केलं तीच नाही. मी लगेच ईमेल करून विचारलं, सब्स्टिट्यूट चालेल का. उत्तर आलं, चालेल, पण १२ जूनच्या आधीपासून रोस्टरवर असलेली बाईच हवी. अशी आमच्याकडे एकच होती, कोल्हापूरची, खेळात नवखी, तिला फक्त होम प्लेटपासून फर्स्टपर्यंत चालत जायचं होतं. तरी ती दोनदा विचारून गेली, नक्की पळायचं नाही ना? असे प्रश्न तोंडी नको, लेखीच विचारा, १० तारखेला समोरच्यांनी हरकत घेतलीच आणि मी फोनवर ईमेल दाखवला.

ब्लू तोच होता. जरा अवघडलो मी, पण तो अगदी नेहमीसारखा, उलट स्वतःच म्हणाला की मी दुसऱ्या एका लीगमध्ये पण करतो, तिथे मुद्दाम दिलेल्या वॉकलाच निवड असते, डोक्यात ते होतं. विषय संपला. त्याने कार्ड बघून रनर उभे केले, घड्याळ दोन्ही मॅनेजरना दाखवलं, चार मिनिटं, प्ले बॉल.

बेसेस लोडेड. आमच्या बॅटरने एक बॉल सोडला, एक फाउल, आणि मग लेफ्ट-सेंटरला सणसणीत. दोघं आत, १२-११. डगआऊटमध्ये नुसता दंगा. पुढची मुलगी बॅटिंगला निघाली आणि तेवढ्यात आमच्यातल्या एकाला हिशेब सुचला, की चार मिनिटं संपेपर्यंत तिसरा आऊट झाला नाही तर सहावी इनिंगच नाही, आपण जिंकलो. लगेच मराठीत कुजबुज, "लेस बांध म्हणावं, ग्लोव्ह काढ, वेळ काढ." मी म्हटलं गप्प बसा. समोरच्या मॅनेजरने सुरू व्हायच्या आधीच ब्लूला वेळकाढूपणाची आठवण करून दिली होती, आणि नियमात स्पष्ट आहे की खेळ लांबवायचे किंवा घाईने संपवायचे उघड डाव केले तर मॅच फॉरफिट होऊ शकते. घाईचं पण असतं बरं का, पुढे असलेली टीम मुद्दाम आऊट व्हायला लागते ते बघितलंय मी. प्रोटेस्ट करून मिळवलेली मॅच लेसपायी घालवायची म्हणजे कहरच.

तिने दुसऱ्याच बॉलला मारला, राइट फील्डला उंच, कॅच. ब्लूने घड्याळ बघितलं, अजून मिनिटभर शिल्लक. तिसरा आऊट झाला, म्हणजे सहावी सुरू झाली, जो नियम मी १२ जूनला ओरडून सांगत होतो तोच. त्यांनी चार काढले, आम्ही एक. १५-१३, हरलो.

रात्री जळगावला फोन लावला, तिकडे सकाळ. बायकोने पहिला प्रश्न विचारला तो स्कोअरचा नव्हता, "माझ्या जागी कोण गेलं?" सांगितलं. मग म्हणाली, आणि मागच्याने मारला ना? मारला म्हटलं. एवढ्यावर ती खूश, हरल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, माझं मात्र दोन दिवस डोकं त्या उरलेल्या मिनिटातच अडकलं होतं.

चेक जुलै संपताना पोस्टाने परत आला, तोच चेक, वटवलाच नव्हता त्यांनी. बाकी खर्च म्हणजे १० जुलैचे अंपायरचे वीस डॉलर पुन्हा द्यावे लागतील असं धरून मी पाकिटात घेऊन गेलो होतो, ते लागले नाहीत, अर्धवट मॅचला पुन्हा फी नसते निदान आमच्याकडे तरी. तुमच्याकडे विचारून घ्या. ऑगस्टमध्ये सीझन संपल्यावर फीडबॅकचा ईमेल येतो, त्यात मी लिहिलं की वॉकचा नियम लीगच्या पानावर पूर्ण वाक्यात छापा आणि प्रत्येक मैदानावर एक घड्याळ लावा. घड्याळाचं बजेट नाही म्हणाले. वॉकचं वाक्य छापतो म्हणालेत.